रोमचे सम्राट आणि घरची मंडळी: कोणता सिनेमा, कोणासोबत?

घरात एकाला रोमन सम्राटांचं वेड असतं आणि बाकीच्यांना रविवारी संध्याकाळी सगळ्यांनी मिळून काहीतरी बघायचं असतं. हे दोन्ही कसं जमवायचं, असं विचारणारे वाचक वर्षभर भेटतात आणि त्यांचे प्रश्नही ठरलेले असतात. सातवीतल्या मुलाला ‘ग्लॅडिएटर’ दाखवू का? पहिला सम्राट ज्युलियस सीझरच ना? सिनेमात दाखवतात त्यातलं खरं किती? सोसायटीच्या गणपतीत ‘बेन हर’ लावला तर चालेल का?

आमच्या घरातला तो वेडा मीच. त्यामुळे करायच्या त्या चुका करून झाल्या आहेत. एकदा ‘रोमन सम्राटांवरचे सिनेमे’ अशा कुठल्याशा यादीतलं एक नाव मी आई, वहिनी आणि भाचा बसलेले असताना लावलं आणि पंधराव्या मिनिटाला रिमोट सापडेना. तो सिनेमा कोणता, ते पुढे येईलच.

आधी नावांचा घोळ मिटवा

ज्युलियस सीझर सम्राट नव्हता. तो सेनापती होता, शेवटी तहहयात ‘डिक्टेटर’ झाला आणि इ. स. पू. 44 मध्ये मारला गेला. पहिला सम्राट त्याचा दत्तक वारस ऑक्टेव्हियन. इ. स. पू. 27 मध्ये सेनेटने त्याला ‘ऑगस्टस’ ही पदवी दिली. सेनेट जागेवर राहिली, कारभार मात्र याच्या हातात गेला. साताऱ्याची गादी आणि पुण्याचा कारभार हे नातं ज्यांना माहीत आहे, त्यांना ही व्यवस्था वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

घोळ होण्याचं एक कारण रोमन चरित्रकार सुएटोनियस. त्याने लिहिलेल्या बारा सीझरांच्या चरित्रांत पहिलं चरित्र ज्युलियसचं आहे. शिवाय ‘सीझर’ हे आडनाव पुढे सगळे सम्राट पदवीसारखं लावू लागले. म्हणून ‘क्लिओपात्रा’ (1963) किंवा अ‍ॅस्टरिक्सच्या सिनेमांत सीझर दिसला, तरी तो सम्राटांच्या आधीचा काळ आहे हे मुलांना सांगून ठेवा. ‘स्पार्टाकस’ (1960) तर त्याच्याही आधीचा, इ. स. पू. 73 ते 71 च्या गुलामांच्या बंडाचा. त्यात सम्राट शोधत बसू नका.

दुसरी अडचण टोपणनावांची. ‘कॅलिग्युला’ म्हणजे छोटा बूट. बापाच्या छावणीत सैनिकी बूट घालून हिंडणाऱ्या पोराला शिपायांनी हे नाव ठेवलं. खरं नाव गायस. ‘काराकाला’ हे एका टोपीवाल्या झग्याचं नाव. नानासाहेब म्हणजेच बाळाजी बाजीराव हे जसं आपण लहानपणी एकदाच पाठ करून टाकतो, तसंच हेही करून टाका. सिनेमांपुरतं एवढं पुरतं:

- ऑगस्टस (इ. स. पू. 27 ते इ. स. 14), टायबेरियस (14–37), कॅलिग्युला (37–41), क्लॉडियस (41–54), नीरो (54–68)
- व्हेस्पाशियन (69–79) आणि त्याचा मुलगा टायटस (79–81): कोलोसियम आणि पॉम्पेई यांच्या वेळचे
- मार्कस ऑरेलियस (161–180) आणि त्याचा मुलगा कॉमोडस (180–192)
- रोम्युलस ऑगस्टुलस: पश्चिमेकडचा शेवटचा, 476 मध्ये पायउतार

आधी सोफा बघा, मग सम्राट निवडा

वेड्या माणसाची चूक इथे होते. त्याला नीरो हवा असतो, म्हणून तो नीरोचा सिनेमा शोधतो. तुम्ही उलट करा. सोफ्यावर बसणाऱ्यांतलं सगळ्यात लहान कोण आणि सगळ्यात लवकर झोपणारं कोण, हे आधी बघा. मग यादी आपोआप आटोपशीर होते.

पाच-सहा वर्षांपासून पुढे. ‘द ट्वेल्व्ह टास्क्स ऑफ अ‍ॅस्टरिक्स’ (1976) हा कार्टूनपट डोळे मिटून लावा. सीझर गॉलच्या गावकऱ्यांना बारा अशक्य कामं सांगतो. त्यांतलं एक काम म्हणजे एका सरकारी इमारतीतून ‘ए 38’ नावाचा परवाना आणणं. अ‍ॅस्टरिक्स आणि ओबेलिक्स या खिडकीवरून त्या खिडकीवर, वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर पळत राहतात. शेवटी अ‍ॅस्टरिक्स अस्तित्वातच नसलेला एक फॉर्म मागतो, तोही नव्या परिपत्रकाचा हवाला देऊन, आणि सगळी कचेरी वेडी होते. उताऱ्यासाठी तहसीलला खेपा घातलेले आमचे काका या प्रसंगाला मुलांपेक्षा जास्त हसले. ‘नाइट अ‍ॅट द म्युझियम’ (2006) मध्ये बोटभर उंचीचा रोमन सेनापती ऑक्टेव्हियस आहे. इतिहास म्हणून त्यात काही नाही, पण संग्रहालयात जायला मुलं स्वतःहून तयार होतात.

दहा-बारा वर्षांपासून पुढे. ‘द लास्ट लीजन’ (2007) समीक्षकांना आवडला नाही. घरच्यांना आवडतो. कॉलिन फर्थ, बेन किंग्जली आणि केरळहून आलेली योद्धा म्हणून आपली ऐश्वर्या राय. मध्यभागी मुलांच्याच वयाचा सम्राट, रोम्युलस. लढाया आहेत, रक्त फारसं नाही. अर्धी कथा कल्पित आहे; सम्राट ब्रिटनला गेला वगैरे काही नाही. खरी गोष्ट जास्त विचित्र आहे. ओडोएसर या सेनानीने 476 मध्ये पोराला गादीवरून उतरवलं, पण वय बघून जिवंत सोडलं, वर्षासन बांधून दिलं आणि इटलीतच कँपानियात राहायला पाठवलं. रोमचा संस्थापक रोम्युलस आणि पहिला सम्राट ऑगस्टस, दोघांचीही नावं या शेवटच्या पोराच्या गळ्यात. ‘ऑगस्टुलस’ म्हणजे छोटा ऑगस्टस. आपण ‘ऑगस्ट्या’ म्हटलं असतं.

‘बेन हर’ही याच वयाला चालतो. एकाच नावाचे तीन मोठे सिनेमे आहेत, 1925, 1959 आणि 2016 चे. तुम्हाला 1959 चा हवा आहे, विल्यम वायलरचा, अकरा ऑस्कर मिळालेला. लांबी 212 मिनिटं. एका बैठकीत कोणाचंच होत नाही. मध्यंतर सिनेमातच दिलेलं आहे, तिथे थांबा आणि रथांची शर्यत दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. कुष्ठरोग्यांच्या गुहेचे प्रसंग लहानांना घाबरवतात. तिथे कोणीतरी शेजारी असू द्या.

आजी-आजोबा सोबत असतील तर. इंग्रजी सबटायटलांचा त्यांना कंटाळा येतो. बिमल रॉय यांचा ‘यहुदी’ (1958) काढा. दिलीपकुमार रोमन राजपुत्र, मीनाकुमारी यहुदी मुलगी, सोहराब मोदी तिचा बाप, संगीत शंकर-जयकिशन यांचं. आगा हश्र काश्मिरी यांच्या पारशी रंगभूमीवर गाजलेल्या नाटकावरून केलेला. यातला रोम इतिहासात सापडणार नाही, पण आमची आई रोमवर अर्धा तास सलग बोलली ती हा सिनेमा बघूनच.

सोळाच्या पुढे. ‘क्वो वादिस’ (1951) मधला पीटर उस्तिनोव्हचा नीरो बघाच. ‘द फॉल ऑफ द रोमन एम्पायर’ (1964) संथ आहे, पण त्यातला रोमचा फोरम (शहराचा मुख्य चौक) खरोखर बांधलेला आहे, संगणकावरचा नाही. आणि अर्थातच ‘ग्लॅडिएटर’, त्याचं वेगळं सांगतो. नुसत्या राजकारणाची आवड असलेल्या मोठ्यांनी बीबीसीची ‘आय, क्लॉडियस’ (1976) ही मालिका बघावी. ऑगस्टस ते क्लॉडियस हा सगळा वंश त्यात येतो. सेट नाटकासारखे, अभिनय अफाट. मुलांसाठी मात्र नाही.

सर्टिफिकेट कसं वाचायचं

थिएटरसाठी आपल्याकडे ‘यू’, ‘यूए’ आणि ‘ए’ हे वर्ग सगळ्यांना ठाऊक आहेत. 2024 च्या नियमांपासून ‘यूए’चे तीन भाग झाले: 7+, 13+ आणि 16+. इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. ‘यूए’पुढचा आकडा पालकांसाठी सूचना आहे; निर्णय तुमचा. ‘ए’ मात्र सूचना नव्हे. अठराच्या आतल्या मुलाला थिएटरमध्ये प्रवेश मिळत नाही, तुम्ही सोबत असलात तरी.

ओटीटीवर 2021 च्या नियमांनुसार असेच वयोगट लिहायचे असतात आणि 13+ पासून पुढच्या मजकुराला पालकांनी कुलूप लावायची सोय द्यायची असते. म्हणून:

- मुलांचं प्रोफाइल वेगळं करा आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावा. पाच मिनिटांचं काम आहे. मी ते दोन वर्षं टाळलं होतं.
- आकड्याखालची बारीक ओळ वाचा. ‘हिंसा’, ‘नग्नता’, ‘भाषा’ असं त्यात लिहिलेलं असतं आणि आकड्यापेक्षा तेच उपयोगी पडतं.
- अमेरिकन ‘आर’ दिसला तर तिकडे सतराच्या आतल्यांना मोठ्या माणसासोबतच सोडतात, एवढं ध्यानात ठेवा.
- वयोगट चुकीचा दिला आहे असं वाटलं तर प्लॅटफॉर्मच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. उत्तरासाठी नियमात पंधरा दिवसांची मुदत लिहिलेली आहे. सिनेमाचं नाव, मिनिट आणि प्रसंग नेमका लिहा. नुसतं ‘अश्लील आहे’ लिहून काही होत नाही.

‘ग्लॅडिएटर’बद्दल जरा सविस्तर

2000 सालचा रिडली स्कॉटचा सिनेमा, 155 मिनिटांचा. माझं मत: पंधरा-सोळाच्या आत नको. सुरुवातीची जंगलातली लढाई मुलं सहन करतात. त्रास होतो तो नायकाच्या बायको-मुलाच्या मृतदेहांच्या प्रसंगाचा, आणि बहिणीकडे वळलेल्या सम्राटाच्या नजरेचा. ते सम्राटाचं प्रकरण मुलांना कळत नाही, पण काहीतरी विपरीत आहे एवढं जाणवतं.

आता खरं-खोटं. नायक मॅक्सिमस कल्पित आहे. मार्कस ऑरेलियसला गादी मुलाऐवजी प्रजासत्ताकाकडे सोपवायची होती, हेही कल्पितच. त्याने स्वतःच 177 मध्ये कॉमोडसला सहसम्राट केलं होतं. मुलाने बापाला गुदमरवून मारल्याचा पुरावा नाही. मार्कस 180 मध्ये मोहिमेवर असताना आजारपणात गेला असं मानतात, जरी त्याच काळातला इतिहासकार कॅसियस डिओ वैद्यांकडे बोट दाखवतो. बहीण लुसिला भावाच्या आधीच मेली: त्याच्याविरुद्धचा तिचा कट फसला, हद्दपारी झाली आणि मग ठार मारण्यात आलं.

सम्राट स्वतः आखाड्यात उतरायचा हे मात्र शंभर टक्के खरं. डिओ तेव्हा सेनेटर होता आणि प्रेक्षकांत बसलेला असे. तो सांगतो की एकदा कॉमोडसने शहामृगाचं मुंडकं उडवलं आणि एका हातात ते, दुसऱ्या हातात रक्ताळलेली तलवार घेऊन सेनेटरांसमोर आला. बोलला काहीच नाही, फक्त डोकं हलवून हसला. सगळ्यांना भीतीऐवजी हसूच यायला लागलं. हसले असते तर जागीच मेले असते. डिओने डोक्यावरच्या माळेतली तमालासारखी पानं तोडून चघळायला सुरुवात केली आणि शेजाऱ्यांनाही तसंच करायला लावलं, म्हणजे तोंड हलतंय ते हसण्याने की चघळण्याने, हे कळू नये. सिनेमात हा प्रसंग नाही आणि मला दर वेळी त्याची हळहळ वाटते.

कॉमोडसचा शेवटही आखाड्यात झाला नाही. 192 च्या शेवटच्या दिवशी त्याला विष दिलं, ते लागू पडेना, तेव्हा नार्सिसस नावाच्या पहिलवानाने त्याचा गळा दाबला.

‘ग्लॅडिएटर 2’ (2024) मध्ये काराकाला आणि गेटा जुळे दाखवले आहेत. प्रत्यक्षात त्यांच्यात साधारण वर्षाचं अंतर होतं, आणि 211 मध्ये काराकालाने भावाला आईच्या कुशीत मारवलं. त्यातलं मॅक्रिनस हे पात्र मात्र खरं आहे. तो 217 मध्ये खरोखर सम्राट झाला आणि वर्षभरच टिकला.

हा एक मात्र लावू नका

‘कॅलिग्युला’ (1979). पीटर ओटूल, हेलन मिरेन, माल्कम मॅकडॉवेल अशी भारदस्त नावं बघून माणूस फसतो. मी फसलो तो इथेच. त्यात उघड अश्लील दृश्यं आहेत आणि क्रौर्यही बेसुमार. अलीकडे निघालेली नवी आवृत्तीही कुटुंबासाठी नाही. कॅलिग्युला दाखवायचाच असेल तर ‘द रोब’ (1953) आहे. त्यात तो नुसताच किंचाळतो.

सर्वसाधारण नियम म्हणून सांगतो: रोमवरच्या कुठल्याही सिनेमाचा फक्त ट्रेलर बघून निर्णय घेऊ नका. मधली दहा-दहा मिनिटं आदल्या रात्री स्वतः बघा.

बघता बघता पकडायच्या चुका

मुलांना कागद-पेन्सिल द्या. जो पकडेल त्याला एक खूण.

- रिकीब. रोमन घोडेस्वारांच्या पायांत रिकिबी नव्हत्या. सिनेमात बहुतेक वेळा लपवलेल्या असतात. इथे पोरं हमखास जिंकतात.
- खाली वळलेला अंगठा. ही खूण आपल्या डोक्यात बसली ती जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या 1872 च्या चित्रामुळे. अंगठा नेमका कुठे वळवत, हे जुन्या मजकुरांतून स्पष्ट होत नाही.
- ‘मरायला निघालेले आम्ही तुला वंदन करतो.’ प्रत्येक ग्लॅडिएटर हे म्हणायचा असं सिनेमे सांगतात. नोंद आहे ती इ. स. 52 ची, क्लॉडियससमोरच्या लुटुपुटुच्या सागरी लढाईतल्या कैद्यांची. क्लॉडियस पुटपुटला, “किंवा नाहीही.” कैद्यांना वाटलं, माफी मिळाली. ते लढेनातच. त्यांना तयार करायला सम्राटाला लंगडत तळ्याकाठी पळावं लागलं.
- साखळदंडातले वल्हेकरी. ‘बेन हर’मधला हा प्रसंग कितीही जोरदार असला, तरी रोमन नौदलातले वल्हेकरी सहसा गुलाम नसत.
- रोम जळत असताना नीरोने वाजवलेलं फिडल. तेव्हा ते वाद्यच नव्हतं. तो तंतुवाद्यावर गायचा हे खरं. 64 ची आग लागली तेव्हा तो रोममध्ये नव्हता, अँटियमला होता, आणि परत येऊन त्याने बेघरांसाठी आपल्या बागा उघडल्या असं इतिहासकार टॅसिटस लिहितो, जो नीरोचा मुळीच चाहता नव्हता.
- नीरोच्या काळातलं कोलोसियम. तिथे तेव्हा त्याच्या महालातलं तळं होतं. कोलोसियम टायटसने 80 मध्ये उघडलं.
- पांढरेशुभ्र पुतळे. ते रंगवलेले असत. रंग उडाला, आणि सेट बांधणाऱ्यांनी उडालेलाच रोम उभा केला.

सोसायटीत किंवा शाळेत दाखवायचा असेल तर

तिकीट लावलं नाही म्हणजे परवानगी नको, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. ओटीटीचं सदस्यत्व घरगुती वापरासाठी असतं. मांडवात पडदा लावला की ते सार्वजनिक प्रदर्शन होतं.

- शाळा-कॉलेज: कॉपीराइट कायद्यात सवलत आहे, पण प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं एवढेच असतील तर. गावाला खुलं आमंत्रण दिलंत की सवलत गेली.
- सोसायटी, वाचनालय, मंडळ: हक्कधारक किंवा वितरकाकडून लेखी परवानगी घ्या. फोनवरचं ‘करा हो’ पुरत नाही.
- जुने सिनेमे: भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर 60 वर्षं टिकतो. त्या हिशेबाने ‘यहुदी’ची मुदत संपलेली दिसते. पण गाण्यांचे हक्क गीतकार-संगीतकारांच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतात, म्हणून इथेही आधी चौकशी करा.

आणि घड्याळ बघा. रात्री दहाला लाउडस्पीकर सहसा बंद करावा लागतो. ‘बेन हर’ आरती झाल्यावर साडेसातला लावलात, तर रथांची शर्यत मुक्याने बघावी लागेल.

सिनेमा संपल्यावर

मोठ्या मुलांना सुएटोनियसचा एखादा सम्राट वाचायला द्या, पण आधी स्वतः वाचा. टायबेरियसचं प्रकरण तर नक्कीच. मग एखादी सहल काढा, कारण रोम बघायला रोमलाच गेलं पाहिजे असं नाही. कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर गेल्या शतकात सापडलेली पोसायडन या सागरदेवाची काशाची छोटी मूर्ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे ग्रीक प्रवासवर्णनातलं ‘तगर’, जिथला माल भडोच बंदरातून रोमकडे जात असे.

‘पॉम्पेई’ (2014) हा सिनेमा सुमार आहे, तेराच्या पुढच्यांनी बघावा, तोही ज्वालामुखीसाठी. पण तो बघितल्यावर तेरला जरूर जा. इ. स. 79 मध्ये, टायटस गादीवर असताना, पॉम्पेई राखेखाली गेलं तेव्हा तिथल्या एका घरात वीतभर उंचीची हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती होती. ती 1938 मध्ये सापडली आणि आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती बाहुली तेरला मिळाली. रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात ती विचारा. निघण्याआधी सुट्टीचा वार फोन करून बघा. आम्ही एकदा बंद दाराचा फोटो काढून परत आलो आहोत.